सरकारी काम आणि पदावरच्या पुढाऱ्याचं नाव
कोल्हापुरात हा विषय काढला की लगेच कुणीतरी विचारतं, मग राधानगरीचं काय? खरंच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं, तेव्हा जलाशयाला राणीसाहेब लक्ष्मीबाईंचं नाव दिलं आणि गावाला कन्या राधाबाईंचं. दोघीही तेव्हा हयात होत्या.

पण महाराजांना दर पाच वर्षांनी मतं मागायची नव्हती. आज पदावरच्या माणसाचं नाव सरकारी इमारतीवर चढलं की तो प्रचाराचा कायमचा बोर्ड होतो, आणि खर्च तुमच्या-माझ्या करातून. विरोधातल्या उमेदवाराला मात्र प्रत्येक बोर्ड स्वतःच्या खिशातून लावावा लागतो, शिवाय त्याचा हिशेब निवडणूक आयोगाला द्यावा लागतो.

खासदार निधीचा नियम त्यातल्या त्यात बरा. वर्षाला 5 कोटी मिळतात, पण त्यातून झालेल्या कामाला कुणाचंच नाव देता येत नाही. फलकावर खासदाराचं नाव चालतं. सोबत खर्च आणि तारखाही लिहायच्या. (आपल्याकडे नाव लांबून दिसतं, खर्च शोधावा लागतो, ते सोडा.)

कोर्टावर फार भिस्त ठेवू नका. तामिळनाडूची ‘उंगळुडन स्टॅलिन’ योजना, म्हणजे ‘तुमच्यासोबत स्टॅलिन’, मुख्यमंत्र्यांच्याच नावाची. मद्रास उच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये योजनांना हयात व्यक्तींची नावं द्यायला मनाई केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. अशा योजना सगळेच पक्ष काढतात, मग एकालाच का धरलं, असं विचारून तक्रारदारालाच 10 लाखांचा भुर्दंड लावला! तेव्हा आपल्या हातात राहते ती ग्रामसभा, नाहीतर महापालिकेची सभा. नावाचा ठराव तिथं येतो.