हाती तीन पत्रे आल्यावर

बारावीचा निकाल लागला की युनियनच्या कचेरीत पेढे येतात, आणि पेढ्यांच्या मागून काही दिवसांनी कागद येतात. प्रवेशाची पत्रे, शुल्काचे तक्ते, गुळगुळीत छापलेली माहितीपुस्तके. ती टेबलावर ठेवून सभासद विचारतो, “अण्णा, सांगा, पोरीला कुठं घालू?” हा प्रश्न आम्हाला विचारावा ही तशी गंमतच. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. दहावीनंतर लेथवर उभे राहिलो, आणि पुढे जे काही वाचले ते पहिली पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. परंतु मालकाने पुढे ठेवलेला ताळेबंद वाचणे आणि सही करण्यापूर्वी कराराचे प्रत्येक कलम उलटेपालटे करून पाहणे, हे काम आम्ही तीस वर्षे करीत आलो आहोत. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदवीसाठी दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळाल्यावर त्यांतले एक कसे निवडावे, हा आजचा विषय. आणि आमच्या मते हेही करार वाचण्याचेच काम आहे.

गेल्या वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका सभासदाच्या मुलीला अशी तीन पत्रे आली. पहिले जुन्या अनुदानित महाविद्यालयाचे, बी.कॉम.चे; तेथील शुल्क काही हजारांत. दुसरे एका विनाअनुदानित महाविद्यालयाचे, बी.बी.ए.चे, राज्याच्या प्रवेशफेरीतून मिळालेले. तिसरे एका खाजगी विद्यापीठाचे, तेही बी.बी.ए.चे, शुल्क आणि वसतिगृह धरून तीन वर्षांचे बारा लाख. दहा लाख बँकेकडून काढावयाचे आणि दोन लाख भविष्यनिर्वाह निधीतून, असा बापाचा बेत होता. निवृत्तीला सहा वर्षे राहिली होती. घर दोन खोल्यांचे, आणि त्यावर पूर्वीचे कर्ज नुकतेच फिटलेले.

पत्रांवर पदव्यांची नावे निरनिराळी का असतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. धंद्याचे शिक्षण विद्यापीठात द्यावे ही कल्पना अमेरिकेत १८८१ साली रुजली. जोसेफ व्हार्टन या निकेल व लोखंडाच्या कारखानदाराने दिलेल्या देणगीतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अशी शाळा निघाली. आपल्याकडे मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ चे, पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. त्यांच्याकडून आलेली बी.कॉम. ही जुनी वाट. बी.बी.ए. आणि मुंबईकडील बी.एम.एस. या पुढच्या पिढीच्या पदव्या. इंदूरच्या आय.आय.एम.ने २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम सुरू केला. त्यात तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. २०२४-२५ पासून बी.बी.ए. व बी.एम.एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. तेव्हा काही महाविद्यालयांनी तोच विषय बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) या नावाने चालू ठेवला. म्हणून नावावर जाऊ नये. तिन्ही वर्षांचे विषय शेजारी शेजारी मांडून पाहावे. हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा हा पाया कोठे पक्का आहे, आणि केवळ भारदस्त नावांचे विषय कोठे अधिक आहेत, हे एका संध्याकाळी कळते.

आता मुख्य मुद्दा. अर्ज करीत असता विद्यार्थी हा याचक असतो. प्रवेशाचे पत्र हाती पडले की थोडे दिवस पारडे फिरते. आता संस्थेला जागा भरावयाची असते. हे आठ-पंधरा दिवस म्हणजे आमच्या भाषेत वाटाघाटीचा काळ. सही झाल्यावर, पैसे भरल्यावर, तो संपतो. परंतु आमचे पालक हा सारा काळ पेढे वाटण्यात आणि नातेवाइकांना नाव सांगण्यात घालवितात, आणि प्रश्न विचारावयाचे राहून जातात.

पहिला प्रश्न नोकरीचा. तिसऱ्या पत्रासोबतच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत छापले होते, सरासरी पगार वर्षाला सहा लाख. बाप त्याच आकड्यावर दहा लाखांच्या कर्जास तयार झाला होता. आम्ही त्याला पाटीवर हिशेब घालून दाखविला. समजा, नऊ मुलांना नोकऱ्या लागल्या. तिघांना तीन लाख, दोघांना साडेतीन, दोघांना चार, एकाला पाच आणि एकाला पंचवीस. बेरीज चौपन्न लाख, सरासरी बरोबर सहा लाख. पण सहा लाख मिळाले कोणाला? कोणालाच नाही. आठ जण खाली, एक वर. सारे पगार लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले तर मधोमध उभा राहतो तो साडेतीन लाखांचा मुलगा. यालाच मध्यक म्हणतात. आपले मूल त्या मधल्याच्या आसपास असण्याचा संभव सर्वांत अधिक. आणि ही नऊ मुले साठांच्या वर्गातली असतील, तर उरलेल्या एक्कावन्नांचे काय झाले?

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, ठेच लागून शिकलो. १९९८ साली एका कारखान्यात आम्ही कमिटीवर नवखे होतो. व्यवस्थापनाने ‘सरासरी बाराशे रुपये वाढ’ असा मसुदा पुढे ठेवला आणि आम्ही आनंदाने सही केली. पगाराच्या दिवशी खालच्या श्रेणीतल्या हेल्परांच्या हाती जेमतेम पाचशे पडले. मोठी वाढ वरच्या श्रेणीने नेली होती. त्या संध्याकाळी गेटबाहेर एका म्हाताऱ्या हेल्परने एवढेच विचारले, “भाऊ, सरासरी म्हणजे कोण?” तो प्रश्न आम्ही आजही विसरलो नाही.

मग खरा आकडा कोठे मिळावा? केंद्र सरकारची जी राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते, तीत भाग घेणाऱ्या संस्था आपली माहिती भरून देतात, आणि ती त्यांनी आपल्या संकेतस्थळावर ठेवावयाची असते. तीन वर्षांच्या पदवीस किती मुले आली, किती वेळेत उत्तीर्ण झाली, किती नोकरीस लागली, किती पुढे शिकावयास गेली आणि मध्यक वेतन किती, हे त्यात वर्षवार असते. क्रमांक कितवा यापेक्षा हा तक्ता अधिक बोलका. संस्था त्या क्रमवारीत नसेल तर हेच प्रश्न लेखी विचारावे. आणि पगाराचा आकडा सांगितला की तो हातात पडणारा की कंपनीचा एकूण खर्च, हे विचारावे. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम, सारे त्या वार्षिक आकड्यात घातलेले असते.

दुसरा प्रश्न कर्जाचा. दहा लाख रुपये, दरसाल दहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. शिकत असतानाचे व्याज बाजूला ठेवले तरी दरमहा हप्ता सुमारे तेरा हजार दोनशे येतो, आणि एकूण फेड पंधरा लाख पंच्याऐंशी हजारांच्या घरात जाते. वर्षाला साडेतीन लाखांच्या नोकरीत महिन्याचे एकोणतीस हजार होतात, तेही कापाकापीपूर्वीचे. म्हणजे जवळजवळ निम्मा पगार हप्त्यात. शिवाय बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेनुसार साडेसात लाखांवरच्या कर्जास तारण लागते, म्हणजे त्या दोन खोल्या पुन्हा गहाण. २०२४ अखेर मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीन न मागता कर्ज मिळते; आपली संस्था त्या यादीत आहे की नाही हे बँकेत जाण्यापूर्वी पाहावे. आमच्या सभासदाच्या मुलीला मिळालेली संस्था त्या यादीत नव्हती.

तिसरा प्रश्न, जागा कोणत्या वाटेने मिळाली? एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींचे शुल्क वेगळे असू शकते. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. पण ही सवलत केंद्रीय प्रवेशफेरीतून आलेल्या मुलींना. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेने स्वतः दिलेल्या प्रवेशास नाही, आणि खाजगी विद्यापीठांसही नाही. दुसरे पत्र फेरीतून आले होते आणि मुलगी इतर मागास प्रवर्गातली. म्हणजे जे पत्र घरात कोणी नीट वाचलेही नव्हते, त्यातच सर्वांत मोठी रक्कम दडलेली होती.

चौथा प्रश्न शिकविणारांचा. इमारत पाहावयास जाऊ नये. साध्या कामाच्या दिवशी जावे, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर गाठावे. कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे विचारावे. तासावर पगार घेणारा शिक्षक आळशी नसतो, पण बरे काम मिळताच त्याला जावे लागते, आणि वर्षाच्या मध्येच विषय उघडा पडतो. कारखान्यात कंत्राटी कामगारांवर चालविलेल्या खात्याची जी गत होते तीच या वर्गाची. उन्हाळ्यात कामाचा अनुभव घ्यावयास मुले कोठे गेली, ते स्वतःच्या ओळखीने गेली की महाविद्यालयाने पाठविली, हेही तेथेच कळते.

यावरून महागडी संस्था घेऊच नये असा निष्कर्ष कोणी काढू नये. चांगल्या संस्थेत हुशार सोबती मिळतात, मोठ्या कंपन्या दारात येतात, जुने विद्यार्थी हात देतात. या गोष्टींना किंमत आहे. शिष्यवृत्ती मिळत असेल, घर गहाण पडत नसेल, आणि मधल्या मुलाचा पगार हप्ता सहज पेलत असेल, तर खुशाल जावे. परंतु पुढे एम.बी.ए. करावयाचे असेल, तर कर्ज काढण्याची ऐपत पहिल्या पदवीतच संपवू नये.

राहिला जागा राखण्याचा प्रश्न. तिसऱ्या ठिकाणी मुलीच्या आईने डब्यांच्या कमाईतून पंचवीस हजार भरून टाकले होते, आणि ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असे तेथे सांगण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना निराळे सांगते. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी नाव काढले तर सारे शुल्क परत, फार तर पाच टक्के व तेही पाच हजारांच्या आत कापून. त्यानंतर त्या तारखेपर्यंत नव्वद टक्के. तारखेनंतरच्या पंधरा दिवसांत ऐंशी, तीस दिवसांपर्यंत पन्नास, पुढे काही नाही. मूळ प्रमाणपत्रे संस्थेला अडकवून ठेवता येत नाहीत. आम्ही अधिसूचनेचा उल्लेख करून अर्ज लिहून दिला, पोच घेतली. थोडी रक्कम कापून पैसे परत आले.

शेवटी निवड मुलीनेच केली. बापाचा ओढा अजून मोठ्या नावाकडे होता. तिने वहीत तीन रकाने आखले होते: विषय, शिक्षक, आणि घरावर पडणारा बोजा. तो कागद बापापुढे ठेवून ती म्हणाली, “पप्पा, मला धंद्याचा हिशेब शिकायचाय ना? मग पहिला हिशेब आपल्याच घराचा.” तिने दुसरे महाविद्यालय घेतले. दोन खोल्या मोकळ्या राहिल्या. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे, आणि रविवारी कधीमधी आमच्या पतपेढीच्या वह्या तपासावयास येते.

पुढल्या महिन्या-दीड महिन्यात आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अशी पत्रे येतील. पेढे अवश्य वाटावे. पण सही करण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेवावी, पत्रे शेजारी शेजारी मांडावी, आणि मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून विचारावे, यातली सरासरी म्हणजे कोण?