पाच वॅटची पोच

कपाशीवर फवारणी करायचा बॅटरीपंप आता वऱ्हाडात गावोगाव दिसतो. त्याच्या टाकीखाली १२ व्होल्टची, साधारण ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि हंगाम संपला की ती कोपऱ्यात पडून राहते. तिच्यावर हाताने जुळवलेला पाच वॅटचा रेडिओ संच जोडला, गच्चीवरून समोरच्या कडुनिंबापर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणली, तर अमरावतीहून भोपाळ किंवा हैदराबादच्या माणसाशी बोलता येतं. मधे ना मोबाइलचा मनोरा, ना इंटरनेट. घरातला एलईडी दिवासुद्धा नऊ वॅटचा असतो, म्हणजे हा संच त्याच्याहून कमी ऊर्जा हवेत सोडतो. या प्रकाराला हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅम लोकांच्या भाषेत ‘क्यूआरपी’ म्हणतात. ‘शक्ती कमी करा’ अशा अर्थाचा तो जुना संकेत. मोर्ससाठी पाच वॅट आणि बोलण्यासाठी दहा वॅट, एवढ्यात भागवायचं, असा त्याचा सर्वमान्य दंडक आहे. पैसे नाहीत म्हणून किंवा शिकाऊ आहोत म्हणून करायची ही तडजोड, असा समज मात्र फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे असं मला वाटतं. संदेश कुठवर पोचतो हे वॅटपेक्षा तार, जमीन, वेळ आणि ऐकणाऱ्याचा कान यांवर जास्त ठरतं. शक्ती कमी केली की या चारही गोष्टी हाताला लागतात, आणि या छंदाचा खरा आनंद तिथेच आहे.

आधी हिशेब पाहू. आपला कान आणि रेडिओचा ग्राहक, दोघंही शक्ती बेरजेने मोजत नाहीत, पटीने मोजतात. बाजारात मिळणारा हॅम संच बहुधा १०० वॅटचा असतो. त्याच्या तुलनेत पाच वॅट म्हणजे वीस पट कमी, आणि हा आकडा ऐकून कुणीही हात टेकेल. पण वीस पट म्हणजे १३ डेसिबल, आणि ग्राहकाच्या काट्यावर सहा डेसिबलचं एक घर धरतात. म्हणजे १०० वॅटला काटा नऊवर जात असेल, तर पाच वॅटला तो सातच्या थोडा खाली थांबतो. सातवर आलेला आवाज अगदी नीट ऐकू येतो. शिवाय ही दोन घरं दुसऱ्या वाटेने भरूनही काढता येतात. माणसाच्या बोलण्याला सुमारे २४०० हर्ट्झ रुंदीची वाट लागते, मोर्सच्या कट्ट-कडला ४०० हर्ट्झही पुरतात. वाट सहा पट अरुंद केली की तिच्यातून येणारा गोंगाटही सहा पट घटतो आणि आठेक डेसिबल परत हातात येतात. हाच विचार शेवटपर्यंत ताणला तो जोसेफ टेलर यांनी. जोडताऱ्यातल्या पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे हे शास्त्रज्ञ स्वतः हॅम. त्यांनी २००८ मध्ये काढलेल्या ‘व्हिस्पर’ पद्धतीत संदेश जवळपास दोन मिनिटं संथपणे जातो आणि जेमतेम सहा हर्ट्झ जागा घेतो. पाव वॅटहून कमी शक्तीचे असे संदेश समुद्रापलीकडे रोज उलगडले जातात. जे कमी पडतंय ते वॅट वाढवूनच भरलं पाहिजे असं नाही. वेळ देऊन किंवा वाट अरुंद करूनही ते भरतं.

आता वऱ्हाडच्या मातीकडे आणि आकाशाकडे येऊ. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी लागणारी डायपोल, म्हणजे मधे तोडून दोन्ही हातांना सारखी पसरलेली तार, वीस मीटरची होते. ती सहा-सात मीटर उंचीवर बांधली की तिची बरीचशी ऊर्जा सरळ वर जाते. अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या विद्युतभारित थरावर आदळून ती छत्रीसारखी खाली उतरते आणि दिवसा चार-पाचशे किलोमीटरचा सारा मुलूख त्या छत्रीखाली येतो. म्हणून उंच मनोरा नसलेल्या घरातूनही नागपूर, जळगाव, भोपाळ दुपारी सहज सापडतात. सूर्य कलला की ६० ते ९० किलोमीटरवरचा, लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो आणि त्याच तारेवर दूरदूरच्या देशांचे आवाज येऊ लागतात. कुठल्या वेळी कुठली दिशा उघडते हे ज्याला कळलं, त्याला शक्तीची हाव राहत नाही.

जमिनीचंही तसंच आहे. पूर्णेच्या काठाने अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा शेतकऱ्याच्या जिवावर उठलेला आहे, कारण विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही. पण उभ्या अँटेनाला परतीचा प्रवाह जमिनीतूनच मिळतो, आणि ओली, खारट, काळी माती हा प्रवाह मुरमाड माळापेक्षा कितीतरी चांगला वाहून नेते. उन्हाळ्यात हीच माती हातभर भेगाळते, मग मात्र जमिनीवर तारांचं जाळं पसरावं लागतं. उत्तरेला सातपुड्याची भिंत आहे. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आणि खालचं मैदान तीनशेच्या आसपास. आठशे मीटरच्या या फरकाने अतिउच्च वारंवारतेच्या लहरींचं क्षितिज ११० किलोमीटरच्या पलीकडे जातं. अमरावती तिथून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, अकोला पंचाऐंशीच्या घरात. गाविलगडाच्या बाजूच्या कड्यावरून हातातल्या पाच वॅटच्या संचाने दोन्ही शहरं एकाच वेळी टप्प्यात येतात, हे साध्या गणितानेच निघतं.

एवढ्या थोड्या शक्तीचा संच घरी बनवता येतो, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. शंभर वॅटचा प्रवर्धक घरी बांधायचा तर जड वीजपुरवठा, महागडे ट्रान्झिस्टर आणि भाजण्याची भीती, सगळंच आलं. पाच वॅटला यातलं काही लागत नाही. याचं सर्वांत ठळक उदाहरण भारतातलंच आहे. हैदराबादचे अशर फरहान, कॉलसाइन व्हीयू-टू-ईएसई, यांनी ‘बिटएक्स’ हा सहा वॅटचा, १४ मेगाहर्ट्झवर बोलण्याचा संच आखला तो इथल्या दुकानांत काय मिळतं ते पाहून. दुरुस्तीच्या दुकानात मूठभर मिळणारे बीसी-५४७ ट्रान्झिस्टर, शेवटच्या टप्प्याला मुळात वीजपुरवठ्यासाठी बनलेला स्वस्त आयआरएफ-५१०, आणि आयात केलेल्या चुंबकीय कड्या मिळेनात म्हणून कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर. हा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला आणि जगभरच्या हौशींनी तो आपापल्या टेबलावर बांधला. २०१७ मध्ये त्याचा धाकटा भाऊ ‘मायक्रो-बिटएक्स’ आला, तो ३ ते ३० मेगाहर्ट्झवर चालणारा.

वऱ्हाडात तर या कॉइलना लागणारी तार शोधायलाही लांब जावं लागत नाही. विहिरीवरच्या मोटारी जळतात, म्हणून तालुक्याच्या प्रत्येक गावात मोटार वाइंडिंगचं दुकान असतं. तिथली लाखेरी तांब्याची तार थोडीशी घ्यायची. गुंडाळताना कडीच्या किंवा वॉशरच्या भोकातून तार एकदा गेली की एक वेढा झाला, बाहेरून फिरलेली मोजायची नाही. पहिल्यांदा बांधणारा इथेच चुकतो आणि सगळं गणित एका वेढ्याने सरकतं. वेढे एकमेकांवर न चढता कडीभर सारखे पसरवायचे, टोकांवरची लाख ब्लेडने तांबूस चकाकी येईपर्यंत खरवडायची, नाहीतर वरून सुबक दिसणारा डाग आतून कोराच राहतो. वेढे जरा जवळ दाबले तर वारंवारता खाली सरकते, सैल केले तर वर. पुस्तकातलं इंडक्टन्सचं सूत्र इथे बोटांना कळतं.

यावर आक्षेप आहेत, आणि काही रास्त आहेत. एक म्हणजे, पाच वॅटवाला बोलतो खरा, पण ऐकायचे कष्ट समोरच्याचे, मोठी अँटेनाही त्याचीच. यात तथ्य आहे. सापडलेल्या प्रत्येक संपर्कात दुसऱ्या बाजूचा वाटा अर्ध्याहून अधिक असू शकतो, आणि तो मान्य करूनच हा छंद करावा. पण उलट बाजूही आहे. शहरात एलईडीचे ड्रायव्हर, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांनी हवा इतकी गढूळ केली आहे की रहिवासी भाग आणि शांत शिवार यांच्या गोंगाटातला फरकच कित्येकदा १०० आणि पाच वॅटमधल्या फरकाएवढा भरतो. अचलपूर किंवा बार्शीटाकळीच्या शिवारात, विजेच्या तारांपासून दूर बसलेला माणूस दुसऱ्याचा बारीक आवाज ऐकू शकतो. तो स्वतः दुसऱ्यासाठी चांगला कान होतो. दुसरा आक्षेप हवामानाचा. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, घरी बांधलेल्या संचात लहर तयार करणाऱ्या आंदोलकाची वारंवारता उन्हाबरोबर सरकते, आणि वळवाच्या विजांचा कडकडाट बारीक आवाज गिळून टाकतो. सरकण्याला इलाज आहे. तापमानाने न बदलणारे कपॅसिटर किंवा स्फटिकावर चालणारी एसआय-५३५१ सारखी स्वस्त चिप वापरली की झालं. कडकडाटाला मात्र इलाज नाही, अशा संध्याकाळी १३ डेसिबल खरोखरच कमी पडतात. आपत्तीत निरोप पोचवायचाच असेल, तर असेल तेवढी शक्ती वापरावी, तिथे हट्ट कामाचा नाही. मात्र वीजच गेलेली असेल, तर मोठा संच मोठी बॅटरी मागतो. नऊ मिनिटं ऐकणं आणि एक मिनिट बोलणं, अशा बेताने लहान संच फवारणीच्या बॅटरीवर, ती निम्म्याच्या खाली न उतरवता, दहा-बारा तास चालतो.

सर्वांत गंभीर आक्षेप घरी बनवलेल्या संचाच्या शुद्धतेचा आहे. सात मेगाहर्ट्झवर बोलणारा कच्चा संच १४ आणि २१ वरही कुजबुजतो आणि कुणाच्या तरी कामात अडथळा आणतो. म्हणून अँटेनाच्या आधी दोन-तीन कॉइल आणि काही कपॅसिटरांची गाळणी बसवणं सक्तीचंच मानावं. शक्ती कमी म्हणून नियमांतून सूट मिळत नाही. दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची परीक्षा आणि परवाना अर्ध्या वॅटलाही लागतो. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना ही परीक्षा देता येते. अडचणीची वाटली तरी ती मला योग्य वाटते, कारण जो संच आपण जोडला त्याचा प्रत्येक टप्पा समजलेला असणं हाच तर या छंदाचा अर्थ आहे.

उरतो मोबाइलचा प्रश्न. बोलायलाच हवं असेल तर खिशातला फोन पुरे, मग ही खटपट कशाला? फोन निरोप पोचवतो, पण निरोप कसा पोचला यात आपला काही भाग नसतो. रेडिओत तो असतो, आणि तो किती दूर नेता येतो हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी दाखवलं. त्यांनी बांधलेला, किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीवरून गेला, तो हौशी रेडिओच्या संदेशांसाठीच. त्याआधी ५ मे २००५ ला इस्रोने हौशींसाठीच सोडलेल्या ‘हॅमसॅट’चा प्रक्षेपक अवघा एक वॅटचा होता. सहाशे किलोमीटरवरून तो २०१४ पर्यंत लोकांचे आवाज परतवत राहिला.

आणि सात मेगाहर्ट्झच्या त्या पट्ट्याला महाराष्ट्रात आणखी एक आठवण आहे. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने हौशी रेडिओचे परवाने काढून घेतले होते. तरी २७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. एका जागेवरून दुसऱ्या जागी पळवत तो नोव्हेंबरपर्यंत चालला. त्याची लहर ४२.३४ मीटरची होती, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. कडुनिंबावर बांधलेली वीस-एकवीस मीटरची तार त्या लहरीच्या जवळपास अर्धी भरते.