अवकाशस्थानकातील जीवन आणि वर्गातील एक प्रयोग

अवकाशस्थानकात माणसे तरंगतात, हे चित्र आता खेड्यातील मुलांनीही पाहिलेले असते. ती का तरंगतात, असे विचारल्यास वर्गात बहुधा एकच उत्तर मिळते : ‘तेथे गुरुत्वाकर्षण नसते.’ हे उत्तर चुकीचे आहे. आणि पुष्कळदा ते आपणा शिक्षकांकडूनच मुलांपर्यंत गेलेले असते. म्हणून या विषयाची थोडी फोड करणे अवश्य आहे.

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक भूपृष्ठापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. जळगावाहून मुंबई रेल्वेने जितकी दूर, जवळजवळ तितकीच ही उंची होय. तेथे पृथ्वीचे आकर्षण नाहीसे होत नाही. जमिनीवरील आकर्षणाच्या दहा हिश्श्यांपैकी सुमारे नऊ हिस्से तेथेही असते. मग माणसे तरंगतात कशी? सातपुड्याच्या शिखरावरून दगड आडवा फेकला, तर तो काही अंतरावर पडतो. अधिक जोराने फेकला, तर अधिक दूर पडतो. हवेचा अडथळा नाही असे मानून वेग वाढवीत नेला, तर अशी एक वेळ येते की, दगड जितका खाली येतो तितकीच पृथ्वीची गोलाईही खाली वळते. दगड पडतच राहतो, पण जमिनीस टेकत नाही. अवकाशस्थानक असेच अखंड पडत आहे. त्याचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. जळगाव ते धुळे हे अंतर ते सुमारे बारा सेकंदांत तोडील. माणसे, वस्तू व स्थानक एकाच गतीने पडत असल्यामुळे कोणाचाच भार कोणावर पडत नाही.

हे मुलांना दाखविता येते. एका रिकाम्या डब्यास तळाजवळ भोक पाडावे व पाणी भरावे. धार लागताच शिक्षकांनी तो उंचावरून खाली घमेल्यात सोडावा. डबा पडत असताना धार थांबते, कारण डबा व पाणी बरोबरच पडतात.

या स्थितीत राहणे सुखाचे नसते. शरीराचा भार पेलावा न लागल्याने स्नायू व हाडे क्षीण होतात. म्हणून तेथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. झोपण्याची पिशवी भिंतीस बांधावी लागते. सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा होत असल्याने चोवीस तासांत सोळा सूर्योदय दिसतात. दिनक्रम घड्याळावरच चालवावा लागतो. घाम, श्वासातील बाष्प व मूत्र शुद्ध करून तेच पाणी पुन्हा पितात. २०२३ साली अशा रीतीने ९८ टक्के पाणी परत मिळविण्यात यश आले. पांझरेच्या काठी फड पद्धतीने पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या आपल्या भागास या काटकसरीचे मोल निराळे सांगावयास नको.

आपल्या देशाचे राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सॅल्यूट-७ या सोव्हिएत स्थानकात राहिले, आणि शुभांशु शुक्ला यांनी २०२५ साली आंतरराष्ट्रीय स्थानकात १८ दिवस काढले. दोघेही पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी. शुक्ला यांनी तेथे मूग व मेथीचे बी रुजविण्याचा प्रयोग केला. मूग खानदेशातील प्रत्येक घरी आहे. वर्गात ओल्या फडक्यावर मूग रुजवून मूळ खाली का वळते, हे मुलांनाच विचारावे. ज्या ठिकाणी ‘खाली’ ही दिशाच जाणवत नाही तेथे त्याने कोठे वळावे, हा प्रश्न त्यांना आपोआप सुचेल.

पहाटे किंवा तिन्हीसांजेला, निरभ्र आकाशात, न लुकलुकणारा एक तेजस्वी ठिपका काही मिनिटांत आकाश ओलांडून गेलेला कधी कधी दिसतो. ते हेच स्थानक. तो दाखविताना ‘तेथे गुरुत्वाकर्षण नाही’ असे न सांगता ‘ते सारखे पडत आहे’ असे सांगावे. मूल चकित होईल, आणि ‘कसे?’ म्हणून विचारील. आपले खरे काम तेथूनच सुरू होते.