पानेवाडीची डिप आणि गाडीतला काटा

मनमाडजवळच्या पानेवाडीत सरकारी तेल कंपन्यांचे इंधन डेपो आहेत. नाशिक जिल्ह्याबरोबरच खानदेश-मराठवाड्यातल्या कितीतरी पंपांचे पेट्रोल-डिझेल इथूनच निघते. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांच्या आंदोलनामुळे इथले टँकर थांबले, पंपांवर रांगा लागल्या आणि ‘टाकीत किती उरलंय?’ हा प्रश्न घरोघरी पोहोचला. उत्तर द्यायला डॅशबोर्डवरचा एक काटा होता, आणि त्या काट्यावर पुरता भरवसा ठेवावा असे त्याचे काम नाही.

इंधन नीट मोजायचे तर काय करावे लागते, हे टँकर पंपावर आला की दिसते. तो सपाट जागी उभा करतात. आतले इंधन संथ होऊ देतात. मग एकेका कप्प्यात डिपरॉड सोडून उंची घेतात आणि त्या टँकरच्या कॅलिब्रेशनच्या आकड्यांशी ताडून पाहतात. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर लावून घनता 15 अंश सेल्सिअसला किती येते तेही काढतात, कारण तापमान 10 अंशांनी वाढले की पेट्रोल साधारण 1 टक्क्याने फुगते.

गाडीच्या टाकीतही मोजली जाते ती उंचीच. पेट्रोलवर एक फ्लोट तरंगतो. त्याची दांडी वरखाली झाली की तिच्या टोकाचा संपर्क रोधाच्या पट्टीवरून सरकतो, वीजप्रवाह बदलतो आणि त्यावरून काटा हलतो. मात्र इथे जमीन सपाट नसते, गाडी थांबलेली नसते आणि टाकीही सरळ चौकोनी नसते. मागच्या सीटखाली, सायलेन्सरचा पाइप आणि एक्सल चुकवत जागा मिळेल तशी ती बसवलेली असते. त्यामुळे अर्धी उंची म्हणजे अर्धे पेट्रोल, हा हिशेब तिथे लागू पडत नाही. अलीकडच्या गाड्यांत संगणक टाकीचा आकार लक्षात घेतो, पण त्याच्याकडे माहिती येते ती बहुधा अशाच फ्लोटकडून.

कसारा घाट चढताना इंधन टाकीच्या मागच्या बाजूला जाते, उतरताना पुढे येते. फ्लोट टाकीच्या मध्यभागी नसेल तर त्याला दर वेळी वेगळीच पातळी दिसते. काट्याने प्रत्येक वळणावर नाचू नये म्हणून त्याची हालचाल मुद्दाम मंद ठेवलेली असते. म्हणजे तो दाखवतो ती थोडी आधीची सरासरी.

टाकी फुल केल्यावर बरेच अंतर काटा हलत नाही, यामागे ॲव्हरेजची जादू नाही. फ्लोट वर टेकलेला असतो आणि त्याच्याही वर नळीपर्यंत पेट्रोल असते. खालच्या टोकालाही तेच: फ्लोट तळाशी पोहोचत नाही. शिवाय शून्याखाली थोडे इंधन शिल्लक राहील असा हिशेब उत्पादक जाणूनबुजून ठेवतात. हे खोटे प्रामाणिक हेतूचे आहे. काटा चुकणारच असेल तर तो चालकाला आधी सावध करणाऱ्या बाजूने चुकावा, हेच योग्य.

नाशिकच्या ज्या सातपुरात डिझेल इंजेक्टरचे नोझल मायक्रॉनच्या हिशेबाने बनतात आणि जिथल्या महिंद्राच्या कारखान्यातून 2002 मध्ये स्कॉर्पिओ रस्त्यावर आली, त्या शहराला अचूकतेचे मोल वेगळे सांगायला नको. तरीही रोधाच्या पट्टीवर वर्षानुवर्षे घासणाऱ्या त्या संपर्काला झीज चुकत नाही. अर्थिंग सैल झाले तरी काटा भलतेच सांगतो. इंधनातले गंधकही त्या संपर्काचे वैरी: 2004 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुईझियाना भागात जास्त गंधकाचे पेट्रोल विकले गेले आणि अनेक गाड्यांचे गेज बिघडले. नोव्हेंबर 2025 मध्ये मारुती सुझुकीने 39,506 ग्रँड व्हिटारा परत बोलावल्या, कारण त्यांच्या स्पीडोमीटर असेंब्लीतला इंधनदर्शक आणि इशारा दिवा खरी स्थिती दाखवत नसण्याची शक्यता होती. दोष टाकीतच असतो असे नाही.

‘अजून इतके किलोमीटर’ सांगणारा आकडा तर काट्याहून चंचल. तो मागच्या काही अंतरातल्या वापरावर अंदाज बांधतो. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटर सोडलेला असला की आधुनिक इंजिनाचे इंधन बंद होते, आणि आकडा चक्क वाढतो.

पंपावरची भांडणेही इथूनच उगवतात. पुस्तिकेत लिहिलेल्या क्षमतेहून जास्त लिटर टाकीत गेले की ग्राहकाला चोरीचा संशय येतो. पण टाकीत वर हवेसाठी सोडलेली जागा आणि नळी मिळून काही लिटर जास्त मावतात. संशय असेल तर काट्याचा पुरावा देऊ नका. पंपावर 5 लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि त्यात मोजून दाखवा म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे. आणि घाटाला लागण्यापूर्वी काटा पाव टाकीवर आला असेल, तर घोटी-इगतपुरीतच पेट्रोल भरून घ्या. टाकीतला पंप इंधनानेच थंड राहतो, त्याला वारंवार कोरडा पाडू नका.