भेटीचे वेळापत्रक मुलासोबत वाढायला हवे

समजा, आईवडील वेगळे झाले तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. न्यायालयाने ठरवून दिले की ती आईजवळ वरोऱ्याला राहील आणि वडील दर रविवारी दुपारी दोन ते पाच या वेळात तिला भेटतील. आज ती नऊ वर्षांची आहे. वडिलांची बदली अहेरीला झाली आहे. रविवारी तिचा कबड्डीचा सराव असतो. तीन तासांच्या भेटीसाठी वडिलांचा सगळा दिवस प्रवासात जातो, आणि ते येऊ शकले नाहीत की मुलगी वाट पाहत बसते. आदेश मात्र सात वर्षांपूर्वीचाच आहे.

अशा वेळी पालक दोनपैकी एक चूक करतात. ‘कोर्टाने सांगितले आहे, आता काही होत नाही’ असे म्हणून ओढत राहतात, किंवा आपल्या मनाने वेळा बदलतात आणि पुढे त्यावरून भांडण होते. खरे तर मुलाचा ताबा आणि भेट यांचा आदेश ही काळ्या दगडावरची रेघ नसते. तो बदलता येतो. फक्त तो बदलण्याचा रस्ता न्यायालयातून जातो.

कायदा काय म्हणतो?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ नुसार घटस्फोटाचा निकाल लागल्यानंतरही न्यायालय मुलांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलू शकते, स्थगित करू शकते किंवा मागे घेऊ शकते. विशेष विवाह कायद्याच्या कलम ३८ मध्येही अशीच तरतूद आहे. ताब्याचे आदेश मुळातच अंतिम नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केले आहे.

२०१० मधील एका निकालात तर आदेश दोघांच्या संमतीने झालेला होता. पुढे आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. संमतीने ठरलेली व्यवस्थाही मुलाच्या हितासाठी बदलता येते, असे सांगून न्यायालयाने मुलाला तिच्याबरोबर जाऊ दिले आणि वडिलांच्या भेटी नव्या अंतराप्रमाणे आखून दिल्या.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच आधीचा आदेश फिरवला. ताबा वडिलांकडे देण्याचे ठरल्यानंतर मुलाची चिंता वाढल्याचे मानसोपचार तज्ज्ञांच्या अहवालांतून पुढे आले. मुलगा पुन्हा आईकडे राहिला, वडिलांच्या भेटी मात्र चालू ठेवण्यात आल्या. मुलाची मनःस्थिती हा आदेश बदलण्याचा पुरेसा आधार ठरू शकतो, हे या निकालाने ठळक केले.

वयाप्रमाणे गरज बदलते

दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे काय ते कळत नाही. त्याला थोड्या वेळाच्या पण वारंवार होणाऱ्या भेटी लागतात. शाळेत जाणारे मूल आठवडा मोजू शकते. त्याला रात्रीचा मुक्काम आणि सुट्टीतले सलग दिवस मानवतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मित्र, खेळ आणि परीक्षा यांच्याशी जुळणारी वेळ हवी असते, आणि ती ठरवताना त्याला विचारलेले हवे असते.

संशोधनाचा कलही तासांच्या हिशेबाकडे नाही. अमेरिकेतील पॉल अमाटो आणि जोन गिलब्रेथ यांनी १९९९ मध्ये वेगळे राहणाऱ्या वडिलांविषयीच्या ६३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. किती वेळा भेट झाली याचा मुलांच्या स्वास्थ्याशी संबंध क्षीण होता. वडील भेटीत अभ्यासाची चौकशी करतात का, ऐकून घेतात का, मायेने शिस्त लावतात का, याचा संबंध अधिक होता. आईवडिलांमधले धुमसते भांडण मुलांना सर्वाधिक पोळते, हे तर अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हणून ‘मला जास्त तास’ हा अर्जाचा पाया दुबळा; ‘मुलाला सध्या हे झेपत नाही, त्याऐवजी हे झेपेल’ हा भक्कम.

भेटीनंतर एखादा दिवस मूल गप्प राहणे किंवा चिडचिड करणे हे बऱ्याचदा घर बदलल्याचे लक्षण असते. त्यावरून लगेच ‘तिकडे त्रास देतात’ किंवा ‘इकडे शिकवून पाठवतात’ असा निष्कर्ष काढू नये. पण झोप उडणे, पोटदुखी, अंथरूण ओले होणे, शाळा टाळणे असे आठवडेच्या आठवडे चालले तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आपल्या भागातले वेळापत्रक

मुंबई-पुण्यातले वेळापत्रक चंद्रपूर-गडचिरोलीत जसेच्या तसे चालत नाही. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जंगलातल्या रस्त्यावर संध्याकाळी मुलाला दुचाकीवर नेणे धोक्याचे. म्हणून अर्जात नुसते ‘दर रविवार’ न लिहिता हेही मागावे : पुरामुळे भेट चुकल्यास बदली दिवस, उन्हाळ्यात सकाळचा प्रवास, अंधारापूर्वी मुलाला पोहोचवणे आणि मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेव्हा फोन-व्हिडिओवरून संपर्काचा हक्क असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. विदर्भात शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात भल्या पहाटे जंगलात जाणारे पालकही असतात. सुट्टीची वाटणी करताना हे धरावे.

आरोग्याच्या दोन गोष्टी इथे विसरून चालणार नाहीत. हिवतापाचा डास चावल्यावर ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो. म्हणजे मुक्काम एका घरी आणि ताप दुसऱ्या घरी. मूल कुठे झोपले, मच्छरदाणी होती का, हे दुसऱ्या पालकाला कळलेच पाहिजे, आणि ताप येताच रक्ततपासणी झाली पाहिजे. मुलाला सिकलसेल असेल तर पाणी कमी पडणे, ऊन आणि थकवा यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. औषधे, सिकलसेल कार्ड आणि पाण्याची बाटली मुलाबरोबरच द्यायची, ही अट आदेशातच घालून घेता येते.

अर्ज कुठे, कसा?

ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथेच बदलासाठी अर्ज करावा. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे हे काम जिल्हा किंवा दिवाणी न्यायालय पाहते. केंद्र सरकारची अधिसूचना नसेल तर हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. गोंड-माडिया कुटुंबांत फारकत रूढीप्रमाणे झाली असली, तरी मुलाच्या ताब्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा उपलब्ध आहे. मूल जिथे सामान्यतः राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांनी भेट ठरवली असेल, तर परिस्थिती बदलल्यावर कलम २५ नुसार तिथेच बदल मागता येतो.

दोघांचे एकमत असेल तर काम सोपे. नव्या वेळा लिहून, सह्या करून न्यायालयात द्याव्यात आणि त्यावर आदेश घ्यावा. तोंडी समझोत्याची अंमलबजावणी न्यायालयाकडून करून घेता येत नाही. एकमत नसेल तर आधीच्या आदेशानंतर काय बदलले ते पुराव्यासह मांडावे : बदलीचे पत्र, शाळेचे वेळापत्रक, डॉक्टरांचे कागद, चुकलेल्या भेटींची तारीखवार नोंद. न्यायालय समुपदेशकाकडे पाठवू शकते, समज आलेल्या मुलाशी न्यायाधीश स्वतः बोलू शकतात. निकालाला वेळ लागणार असेल तर अंतरिम आदेश मागता येतो. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे जावे. मदत क्रमांक १५१००.

नवा आदेश येईपर्यंत जुना पाळावाच लागतो. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवू नये. दोन्हींसाठी कायद्यात वेगळे उपाय आहेत. मात्र मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर थांबू नका. १०९८ वर किंवा पोलिसांत कळवा, आणि भेट थांबवण्यासाठी किंवा ती देखरेखीखालीच व्हावी यासाठी न्यायालयाकडे तातडीने अर्ज करा.

दर वर्षी शाळा उघडण्यापूर्वी वेळापत्रक समोर ठेवून दोघांनी मुलाकडे पाहावे. त्याची झोप, अभ्यास, खेळ आणि दोन्ही घरांतली माणसे या वेळांत बसतात का? बसत नसतील तर अर्जाचा कागद तयार करण्याची वेळ झाली आहे.