काँक्रीटवरील तेलाचे डाग

वसमत तालुक्यांतील कुरुंद्यासारख्या हळदीच्या गांवीं ट्रॅक्टरचें तेल काँक्रीटच्या भुईवर गळतेंच. त्यावरून घरांतील वृद्धांचा पाय घसरणें हा खरा अनर्थ होय. म्हणून आम्हीं हा विषय घेतला.

काँक्रीट सच्छिद्र असतें व तेल त्यांत मुरतें. याकरितां प्रथम पाणी न ओततां लांकडाचा भुसा अथवा कोरडी राख रात्रभर पसरावी व सकाळीं झाडून काढावी. मग कढत पाण्यांत धुण्याचा सोडा व साबण विरघळवून राठ ब्रशानें घांसावें. जुन्या डागास हीच कृति पुन्हां करावी. आम्ल वापरूं नये. तें सिमेंट खातें, तेलास शिवत नाहीं. पेट्रोलनें आगीचें भय. तेलकट भुसा विहिरीपासून दूर ठेवावा.

पंकप्रक्षालनन्याय सुज्ञांस ठाऊक आहेच: यंत्राखालीं पत्र्याचें ताट ठेविल्यास धुण्याचे श्रमच वांचतात.