दुसऱ्याच्या गळ्यासाठी

आषाढात तुकोबांची पालखी आकुर्डीहून पुण्यात येते ती जुन्या मुंबई रस्त्यानं, वाकडेवाडीवरून. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका मांडवात मी वारकऱ्यांना चहा देत होते. स्पीकरवर भीमसेनजींचा इंद्रायणीकाठचा अभंग लागला. चहा घेता घेता एक मावशी थांबल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "नामदेवरायांचाच ना गं हा?"

"नाही मावशी, माडगूळकरांचा. इथंच राहायचे, याच रस्त्यावर, 'पंचवटी'त."

"छे गं! संतांवाचून असं कोण लिहील?"

मी बावीस वर्षं गाणी लिहिते. मालिकांची शीर्षकगीतं, गणपतीची गाणी, अल्बम. गीतकाराला याहून मोठी दाद मिळत नसावी. तो अभंग १९५३ च्या 'गुळाचा गणपती'तला, संगीत पु. ल. देशपांड्यांचं. त्याच वर्षी 'देवबाप्पा'साठी याच दोघांनी आशा भोसल्यांना मोराचं गाणं दिलं. आज ते बालवाडीतली पोरं हात हलवत म्हणतात, आणि ते कुणी लिहिलं हे त्यांच्या बाईंनाही आठवेलच असं नाही.

हे काम चालतं कसं, ते सांगते. सिनेमात बहुतेकदा चाल आधी येते. संगीतकार पेटीवर मुखडा वाजवतो, हल्ली फोनवर नुसतं 'ला ला' पाठवतो. त्या मीटरमध्ये शब्द बसवायचे. पण मात्रा जुळल्या म्हणजे झालं असं नाही. एकदा मी ओळीच्या शेवटी 'निखळ' लिहिलं होतं. सूर तिथंच लांबवायचा होता. गायिकेनं तीनदा घेतलं, तिन्ही वेळा सूर त्या 'ळ'पाशी अडला. 'निळा' केलं आणि गळा मोकळा झाला. अर्थ थोडा हलला, तेव्हा आधीची ओळ बदलली. श्वास गायिकेचा, मन पात्राचं, आणि शब्द मात्र आपले.

ग. दि. माडगूळकरांना, म्हणजे गदिमांना, हे इतकं साधलं, याचं एक कारण मला त्यांच्यातल्या नटात दिसतं. शेटफळे गावी १९१९ साली जन्मलेला हा मुलगा कोल्हापूरला 'हंस पिक्चर्स'मध्ये गेला, 'ब्रह्मचारी'त छोट्या कामात पडद्यावरही दिसला. दुसऱ्याच्या तोंडानं बोलायची सवय तिथली. म्हणून 'राम जोशी'तली लावणी आणि विठ्ठलाचा अभंग एकाच हातचे वाटत नाहीत.

'गीतरामायणा'त मात्र शब्द आधी आणि चाल मागून. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी ते मागितलं, आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिलं गाणं गेलं. पुढं दर आठवड्याला एक नवं गाणं. कधी राम बोलतोय, कधी सीता, कधी कौसल्या. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून गाणी छप्पन्न झाली. पहिल्याच गाण्याचा कागद ऐन वेळी सापडेना, गदिमा संतापले आणि लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून कडी लावली, ही आठवण संगीतकार सुधीर फडके सांगत. थोड्याच वेळात गाणं नव्यानं लिहून झालं होतं. दर आठवड्याला ठरल्या वेळी उत्तम लिहून देणं, याला मी प्रतिभेइतकाच मान देते.

आता पैशाचं. मार्च १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, निर्मात्यानं पैसे देऊन गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर हक्क निर्मात्याचा. त्याच वर्षी १४ डिसेंबरला गदिमा गेले. कायदा बदलायला २०१२ उजाडलं. आता सिनेमाचं गाणं चित्रपटगृहाबाहेर वाजलं की गीतकाराचा वाटा ठरलेला आहे, आणि तो सही करून निर्मात्याला सोडून देता येत नाही.

माझ्या पहिल्या अल्बमच्या वेळी हे संरक्षण नव्हतं. एका पाकिटात ठोक रक्कम मिळाली, मी सही केली, आणि कव्हरवर माझं नाव छापायचंच राहिलं. आई दुकानात उभी राहून ते कव्हर पुन्हा पुन्हा उलटून बघत होती. मावशींनी गदिमांना विसरावं, कारण गाणं त्यांचं स्वतःचं झालंय. छापणाऱ्यानं विसरू नये.

रॉयल्टीचा पहिला हिशेब आला तेव्हा रक्कम किरकोळ होती. पण 'गीतकार' या रकान्यात माझं पूर्ण नाव होतं, वेलांटीसुद्धा बरोबर. तो कागद मी आईला दाखवला. तिनं चष्मा लावला आणि नाव मोठ्यानं वाचलं.